बियाण्याची उगवण आणि द्विपद वितरण
शंभर दाण्यांच्या परीक्षेवर किती भिस्त ठेवावी?

पेरणीपूर्वीं बियाण्याची उगवणशक्ति घरच्या घरीं तपासून पाहावी, हा उपदेश आतां नवा राहिलेला नाहीं. गोणपाटाच्या ओल्या तुकड्यावर शंभर दाणे मांडावे, गुंडाळून सावलींत ठेवावे आणि आठवड्यानें कोंब मोजावे, ही रीत आपल्या बहुतेक सभासदांस ठाऊक आहे. परंतु मोजणीअंतीं जो आंकडा हातीं येतो त्याचा अर्थ काय करावा, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. शंभरांपैकीं ६४ दाणे उगवले तर तें बियाणें टाकून द्यावें काय? शेजाऱ्यानें त्याच पोत्यांतून शंभर दाणे लावले आणि त्याचे ७३ उगवले, तर दोघांपैकीं कोणाची मोजणी चुकली?

उत्तर असें आहे कीं, दोघांचीहि मोजणी बिनचूक असूं शकेल. हें कसें घडतें, आंकडा किती खालीं गेला म्हणजे खरोखर संशय घ्यावा, आणि किती दाणे तपासले म्हणजे निकालावर विसंबतां येईल, हें सांगणारें एक गणित आहे. त्यास द्विपद वितरण म्हणतात. गुणाकार व बेरीज येणाऱ्या कोणाहि शेतकऱ्यास तें समजण्यासारखें आहे, म्हणून येथें तें आपल्याच शेतांतील उदाहरणांनीं मांडण्याचें योजिलें आहे.

प्रश्नाचें महत्त्व

वर्धा जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत मृगाचा चांगला पाऊस झाला म्हणजे थोड्याच दिवसांत कपाशी, तूर आणि सोयाबीन ह्यांची पेरणी उरकावी लागते. त्या वेळीं बियाण्यानें दगा दिला तर बियाण्याची किंमत जाते, मजुरी जाते, जमिनींतील ओल जाते, आणि सर्वांत मोलाचे असे हंगामाचे दिवस जातात. ते कोणत्याहि भरपाईनें परत येत नाहींत. २०२० च्या खरिपांत सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाडा व विदर्भ ह्या भागांतून मोठ्या संख्येनें आल्या होत्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें त्या प्रकरणाची आपण होऊन दखल घेतली होती.

१९६६ च्या बियाणें अधिनियमान्वयें निरनिराळ्या पिकांच्या बियाण्यास उगवणीची किमान मर्यादा ठरवून दिली आहे. सोयाबीनसाठीं ती शेंकडा ७०, तुरीसाठीं ७५, आणि गहू व हरभरा ह्यांसाठीं ८५ आहे. ही मर्यादा संपूर्ण मालास उद्देशून आहे. पण संपूर्ण माल कोणीहि तपासूं शकत नाहीं. तीस किलो सोयाबीनच्या एका पिशवींत सुमारें अडीच लाख दाणे असतात. ते सर्व उगवून पाहिले तर पेरावयास कांहींच उरणार नाहीं. म्हणून थोडे दाणे तपासून सर्वांविषयीं अनुमान करावें लागतें. ह्या अनुमानांत चूक किती संभवते, हाच आपला प्रश्न आहे.

चार दाण्यांचें गणित

प्रथम अगदीं लहान उदाहरण घेऊं. एका मालाची खरी उगवण शेंकडा ७० आहे असें धरा. त्यांतून डोळे मिटून एक दाणा उचलला तर तो उगवण्याचा संभव ०.७ आणि न उगवण्याचा ०.३. आतां असे चार दाणे लावले, तर त्यांतील किती उगवतील?

चारहि उगवण्याचा संभव ०.७ चा चार वेळां गुणाकार, म्हणजे ०.२४०१. तीन उगवून एक मरण्याचा संभव काढतांना मात्र मेलेला दाणा पहिला, दुसरा, तिसरा कीं चौथा, असे चार प्रकार होतात, म्हणून ०.७ × ०.७ × ०.७ × ०.३ ह्या गुणाकारास ४ नें गुणावें लागतें. दोन उगवून दोन मरण्याचे सहा प्रकार आहेत. पहिला-दुसरा, पहिला-तिसरा अशा जोड्या वाचकांनीं स्वतः मांडून पाहाव्या, म्हणजे खात्री होईल. ह्याप्रमाणें हिशेब केला म्हणजे पुढील कोष्टक मिळतें. अशी परीक्षा दहा हजार वेळां केली तर,

चारहि दाणे उगवतील: सुमारें २,४०१ वेळां
तीन उगवतील: सुमारें ४,११६ वेळां
दोन उगवतील: सुमारें २,६४६ वेळां
एकच उगवेल: सुमारें ७५६ वेळां
एकहि उगवणार नाहीं: सुमारें ८१ वेळां

एकूण बेरीज बरोबर दहा हजार येते. ह्या कोष्टकालाच द्विपद वितरण म्हणावयाचें. प्रत्येक दाण्याची गत दोनच प्रकारची, उगवणें किंवा न उगवणें. ह्या दोन पदांच्या बेरजेचा चौथा घात केला असतां जीं पदें मिळतात तींच वरील कोष्टकांत आलीं आहेत, म्हणून हें नांव. दाणे चाराऐवजीं शंभर असले तरी कृति हीच. केवळ गुणाकार लांबतो.

सर्वसाधारण नियम शब्दांत असा: इतके दाणे उगवण्याचा संभव म्हणजे तितके दाणे निवडण्याच्या प्रकारांची संख्या, गुणिले उगवणाऱ्या प्रत्येक दाण्यासाठीं एकदां उगवणीचा संभव, गुणिले मरणाऱ्या प्रत्येक दाण्यासाठीं एकदां न उगवण्याचा संभव.

प्रकार मोजण्याची विद्या आपल्याकडे जुनी

कित्येकांतून कांहीं निवडण्याचे प्रकार किती, ही विद्या आपल्या देशांत फार पूर्वींपासून आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या हलायुधानें दहाव्या शतकांत लघु-गुरु अक्षरांचे प्रकार मोजण्यासाठीं मेरुप्रस्तार सांगितला. वरच्या ओळींतील शेजारच्या दोन अंकांची बेरीज खालच्या ओळींत त्यांच्या मध्यें लिहीत गेलें असतां १, ४, ६, ४, १ असे अंक पांचव्या ओळींत येतात. आपल्या चार दाण्यांच्या हिशेबांतले गुणक ते हेच. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्यें रचलेल्या लीलावतींत भास्कराचार्यांनीं सहा रसांपैकीं एक, दोन, तीन अशा क्रमानें रस घेऊन किती निरनिराळीं व्यंजनें होतील असा प्रश्न घातला आहे. त्याचें एकूण उत्तर ६३ येतें. ह्या प्रकारांना संभवाची जोड देऊन पूर्ण सिद्धान्त मांडण्याचें काम युरोपांत याकोब बर्नूली ह्या स्विस गणित्यानें केलें. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्यें प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकांत ही विद्या शेतीच्या प्रयोगांत रूढ झाली. तींत सातारा जिल्ह्यांतील बुध येथें १९११ मध्यें जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. विनायक गोविंद पानसे ह्यांचें कार्य मोठें आहे. शेतकी कार्यकर्त्यांसाठीं सांख्यिकीच्या पद्धति शिकविणारा ह्या दोघांचा ग्रंथ भारतीय कृषि संशोधन परिषदेनें १९५४ मध्यें प्रसिद्ध केला, आणि कृषि महाविद्यालयांतून तो पिढ्यानुपिढ्या अभ्यासला गेला.

दहा दाणे, शंभर दाणे, चारशें दाणे

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पुष्कळ शेतकरी घाईच्या वेळीं दहाच दाणे वाटींतल्या ओल्या कापडांत ठेवून पाहतात. ही परीक्षा कितपत खरी?

खरी उगवण शेंकडा ७० असलेल्या चांगल्या मालाचे दहा दाणे लावले, तर त्यांतून पांच किंवा त्याहून कमी उगवण्याचा संभव शंभरांत १५ आहे. म्हणजे साधारण सात शेतकऱ्यांमागें एकजण चांगलें बियाणें वाईट समजून परत करील. उलट खरी उगवण शेंकडा ५० च असलेल्या वाईट मालाचे दहा दाणे लावले, तर सात किंवा अधिक उगवण्याचा संभव शंभरांत १७ आहे. म्हणजे सहा शेतकऱ्यांमागें एकजण अर्धें मेलेलें बियाणें निःशंक मनानें पेरील. दोन्ही बाजूंनीं एवढी चूक होणारी परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

दाणे वाढविले म्हणजे चूक किती कमी होते, हें मोजण्याचें सोपें साधन असें. दाण्यांची संख्या, उगवणीचा संभव आणि न उगवण्याचा संभव ह्या तिघांचा गुणाकार करावा आणि त्याचें वर्गमूळ काढावें. ह्यास प्रमाण विचलन म्हणतात. अपेक्षित आंकड्याच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन विचलनांपर्यंतचा पट्टा घेतला, तर शंभरांतून सुमारें ९५ वेळां निकाल त्या पट्ट्यांत पडतो. शेंकडा ७० उगवणीच्या मालासाठीं हा हिशेब पाहा.

१०० दाणे: १०० × ०.७ × ०.३ = २१; वर्गमूळ ४.५८. अपेक्षित आंकडा ७०. पट्टा ६१ ते ७९.
४०० दाणे: ४०० × ०.७ × ०.३ = ८४; वर्गमूळ ९.१७. अपेक्षित आंकडा २८०. पट्टा २६२ ते २९८, म्हणजे शेंकडा साडेपासष्ट ते साडेचौऱ्याहत्तर.

दाणे चौपट केले तेव्हां शेंकडेवारींतील चूक निम्मी झाली. हा नियम सर्वत्र लागू आहे. चूक निम्मी करावयाची तर श्रम चौपट, आणि पाव करावयाची तर सोळापट. म्हणूनच बीजपरीक्षण प्रयोगशाळा अमर्याद दाणे तपासीत बसत नाहींत. त्यांचा रूढ नियम चारशें दाण्यांचा आहे, आणि ते शंभर-शंभराच्या चार भागांत लावले जातात. चार भाग करण्यांत एक दूरदृष्टि आहे. सरासरी उगवण सत्तरीच्या आसपास असेल आणि चार भागांपैकीं सर्वांत अधिक व सर्वांत कमी ह्यांत अठरांहून अधिक फरक पडला, तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें ती परीक्षा पुन्हां करावी लागते. हा अठरांचा आंकडा कोणीं मनानें ठरविलेला नाहीं. तो द्विपद वितरणांतूनच निघाला आहे. केवळ दैवयोगानें त्याहून मोठा फरक पडणें फार विरळ, तेव्हां तसा पडल्यास कोठें तरी पाणी, उष्णता किंवा बुरशी ह्यांचा दोष झाला असला पाहिजे, असा त्याचा अर्थ.

आतां आरंभींच्या दोघां शेजाऱ्यांचा निवाडा करतां येतो. ६४ आणि ७३ हे दोन्ही आंकडे ६१ ते ७९ ह्या पट्ट्यांत आहेत. एकाच मालाच्या शंभर-शंभर दाण्यांच्या दोन परीक्षांत नऊ किंवा अधिक फरक पडणें, हें पांचांतून सुमारें एकदां घडतेंच. तेव्हां भांडण करण्याचें कारण नाहीं. दोघांनीं आपले आंकडे एकत्र करावे. दोनशें दाण्यांपैकीं १३७ उगवले, म्हणजे शेंकडा साडेअडुसष्ट, हा अनुमानाचा अधिक चांगला आधार होय.

परंतु शंभरांपैकीं ६० किंवा त्याहून कमी उगवले, तर गोष्ट निराळी. माल खरोखर शेंकडा ७० चा असतांना असें घडण्याचा संभव शंभरांत दोनच आहे. अशा वेळीं संशय घेणें रास्त ठरतें. तसेंच शेंकडा ५० उगवणीच्या मालाचे शंभर दाणे लावून त्यांतून ७० उगवणें हें जवळजवळ अशक्य आहे. दहा दाण्यांच्या परीक्षेंत जो वाईट माल सहांतून एकदां निसटत होता, तो शंभर दाण्यांच्या परीक्षेंत निसटत नाहीं. एवढा लाभ नव्वद जादा दाण्यांनीं आणि अर्ध्या तासाच्या श्रमानें होतो.

येथें एका फसवणुकीपासून सावध केलें पाहिजे. पुन्हां पुन्हां परीक्षा करून त्यांतील सर्वांत चांगला निकाल तेवढा दाखविण्याचा प्रकार कोठें कोठें होतो. शेंकडा ६० उगवणीच्या मालाचे दहा दाणे लावले तर सात किंवा अधिक उगवण्याचा संभव शंभरांत ३८ आहे. तीच परीक्षा तीनदां केली तर निदान एकदां तरी सात उगवण्याचा संभव शंभरांत ७६ होतो! म्हणून निकाल दाखविणाऱ्यास नेहमीं विचारावें कीं, एकूण दाणे किती लावले आणि एकूण उगवले किती. केलेल्या सर्व परीक्षांची बेरीज हाच खरा निकाल. निवडलेला निकाल हा निकाल नव्हे.

गणित खरें ठरण्याच्या अटी

वरील सर्व हिशेब कांहीं अटींवर उभा आहे. दाण्यांची संख्या आधीं ठरलेली असावी. प्रत्येक दाण्याची गत दोहोंपैकीं एकच व्हावी. प्रत्येक दाण्याचा उगवण्याचा संभव सारखा असावा. आणि एका दाण्याच्या गतीचा परिणाम दुसऱ्यावर होऊं नये. ह्या अटी मोडल्या तर गणित चुकत नाहीं, पण तें आपल्या दाण्यांना लागू पडत नाहीं.

पोत्याच्या तोंडाशीं हात घालून एकच मूठ घेतली तर तिसरी अट मोडते, कारण बुडाशीं ओल लागलेला किंवा घडवंचीच्या कडेला उन्हानें तापलेला माल त्या मुठींत येतच नाहीं. टपोरे दाणे वेंचून लावले तर ती अट अधिकच मोडते. तसें करणारा मनुष्य बियाण्याची नव्हे, आपल्या डोळ्यांची परीक्षा करीत असतो. गोणपाट फार ओलें ठेवल्यामुळें एका दाण्यावरची बुरशी शेजारच्या दहा दाण्यांवर पसरली, तर चौथी अट मोडते. तेव्हां शंभर दाणे लावूनहि परीक्षा जणूं दहा-वीस दाण्यांचीच राहते. सोयाबीनचा दाणा पातळ सालीचा, मळणीयंत्रांत आपटून लवकर दुखावणारा. त्यामुळें एकाच शेतांतील माल असला तरी पोत्यापोत्यांत उगवणीचा फरक पडतो. अशा मिश्र मालाच्या निकालांतील चढउतार द्विपदाच्या पट्ट्याहून मोठे असतात, हें विसरूं नये.

टोकणींतील नांग्या

हेंच गणित कपाशीच्या टोकणीसहि उपयोगी पडतें. शेतांतील प्रत्यक्ष उगवण शेंकडा ७५ धरूं. प्रत्येक फुलीवर एकेक सरकी टाकली तर शंभर फुल्यांपैकीं २५ रिकाम्या राहतील. दोन-दोन टाकल्या तर दोन्ही मरण्याचा संभव ०.२५ × ०.२५, म्हणजे शंभरांत सव्वासहा. दोन्ही उगवण्याचा सव्वाछप्पन्न. आणि एकच उगवण्याचा साडेसदतीस.

चार फूट बाय दीड फूट अंतरानें एकरांत ७,२६० फुल्या येतात. एक सरकी टाकल्यास सुमारें १,८१५ नांग्या पडतील. दोन टाकल्यास सुमारें ४५४. म्हणजे दुसऱ्या सरकीनें १,३६१ नांग्या वांचतात, पण त्यासाठीं ७,२६० सरक्या अधिक खर्चाव्या लागतात, आणि चार हजारांहून अधिक ठिकाणीं जोडीनें आलेलें एक रोप उपटून टाकावें लागतें. बियाणें महाग असतां हा सौदा परवडतो कीं नाहीं, हें प्रत्येकानें आपल्या भावानें पाहावें. एक सरकी टाकून, त्याच दिवशीं लहान पिशव्यांतून जादा रोपें वाढवून त्यांनीं नांग्या भरणें, हा दुसरा मार्ग आहे. किती पिशव्या भराव्या ह्याचें उत्तर वरील हिशेब आधींच देतो. पिशव्यांतील रोपेंहि शेंकडा ७५ च उगवतील, म्हणून १,८१५ रोपांसाठीं २,४२० पिशव्या लागतील, हेंहि ध्यानीं ठेवावें. मात्र पाणी साचणाऱ्या सखल पट्ट्यांत नांग्या विखरून न पडतां एकजागीं पडतात. तेथें दोष बियाण्याचा नसून जमिनीचा असतो.

बोंडअळीची पाहणी

गुलाबी बोंडअळीनें २०१७ च्या हंगामांत विदर्भांतील कपाशीची जी हानि केली ती सर्वांस स्मरत असेल. तेव्हांपासून एकरीं वीस झाडांचें प्रत्येकीं एक हिरवें बोंड तोडून फोडून पाहावें, आणि वीसांपैकीं दोन बोंडांत अळी सांपडल्यास, म्हणजे शेंकडा दहा, नुकसानीची पातळी गांठली असें समजून उपाय योजावा, असा सल्ला दिला जातो. सल्ला योग्य आहे. पण त्याची मर्यादाहि जाणली पाहिजे.

शेतांत खरोखरच शेंकडा दहा बोंडें किडलीं आहेत असें धरा. वीस बोंडांत एकहि किडकें न सांपडण्याचा संभव शंभरांत १२, आणि एकच सांपडण्याचा २७. म्हणजे शंभरांतून ३९ वेळां शेतकरी निश्चिंत होऊन घरीं जाईल. हीच पाहणी लागोपाठ दोन आठवडे केली, तर दोन्ही वेळां फसण्याचा संभव शंभरांत १५ वर येतो. आणि मधल्या काळांत कीड वाढत असेल तर त्याहूनहि कमी. प्रत्यक्ष प्रादुर्भाव शेंकडा वीस झाला असेल, तर एकाच पाहणींत फसण्याचा संभव शंभरांत सातच राहतो. ह्यावरून बोध असा कीं, एकदांच्या स्वच्छ निकालावर विसंबूं नये. आठवड्याची पाहणी चुकवूं नये. आणि बोंडें बांधाजवळचीं न घेतां सर्व शेतांत नागमोडी फिरून घ्यावीं.

द्विपदाचीं भावंडें

द्विपद वितरणाचीं कांहीं जवळचीं भावंडें आहेत. त्यांची थोडक्यांत ओळख असावी.

पहिलें, परत न ठेवतां उचलण्याचें वितरण. गोदामांत दहाच पोतीं आहेत आणि त्यांतील तीन खराब आहेत. दोन पोतीं उघडलीं तर दोन्ही चांगलीं निघण्याचा संभव ७/१० × ६/९, म्हणजे सुमारें ०.४७; द्विपदाप्रमाणें तो ०.४९ आला असता. एक चांगलें पोतें बाजूस काढल्यावर उरलेल्यांत चांगल्यांचें प्रमाण घटतें, म्हणून हा फरक. अडीच लाख दाण्यांतून शंभर काढतांना हा फरक नाममात्र असतो, म्हणून तेथें साधें द्विपद चालतें. पण ह्या उदाहरणाचा व्यवहारी बोध मोठा आहे: दहांतील तीन पोतीं खराब असतांनाहि, दोनच उघडून पाहणाऱ्यास जवळजवळ निम्म्या वेळां सर्व माल चांगला दिसतो.

दुसरें, पॉयसाँ ह्या फ्रेंच गणित्याच्या नांवाचें वितरण. प्रसंग पुष्कळ, पण घडण्याचा संभव अतिशय लहान, अशा ठिकाणीं तें लागू पडतें. उदाहरणार्थ, बियाण्यांत मिसळलेले तणाचे विरळ दाणे. त्याचें लक्षण असें कीं, त्यांत सरासरी आणि विचलनाचा वर्ग हे दोन्ही सारखे येतात.

तिसरें, ऋण द्विपद वितरण. एका झाडावरील मावा किंवा अळ्या मोजल्या, तर दहा झाडें रिकामीं आणि एकावर शेंकड्यांनीं किडे, असा प्रकार दिसतो. कीड थव्यानें राहते. एक मादी एकाच ठिकाणीं पुष्कळ पिलें घालते. अशा मोजणींत विचलनाचा वर्ग सरासरीच्या कित्येक पट येतो, आणि तेथें साधें द्विपद वापरल्यास आपला निकाल आहे त्याहून फार पक्का वाटूं लागतो. ऋण द्विपद वितरण हें ह्या थव्यांच्या मोजणीस योग्य असें माप आहे. शेतकऱ्यास त्याचें सूत्र पाठ करण्याची गरज नाहीं. पण थव्यानें राहणाऱ्या किडीसाठीं एकाच जागेवरचीं वीस झाडें पाहण्यापेक्षां वीस जागांवरचें एकेक झाड पाहणें कितीतरी अधिक उपयोगाचें, हें त्याचें सार त्यानें अवश्य घ्यावें.

व्यवहारांत काय करावें

वरील विवेचनावरून सभासदांनीं पुढील गोष्टी अंमलांत आणाव्या.

१. नमुना प्रत्येक पोत्याच्या तोंडाशीं, मध्यभागीं आणि बुडाशीं हात घालून काढावा. सर्व दाणे स्वच्छ कापडावर एकत्र मिसळून ढीग करावा, त्याचे चार भाग करावे, समोरासमोरचे दोन ठेवावे व दोन काढून टाकावे. आणि थोडा माल उरेपर्यंत हीच कृति करावी. त्यांतून न निवडतां ओळीनें दाणे मोजावे.

२. शंभरांहून कमी दाण्यांची परीक्षा करूं नये. जेथें पैशाचा किंवा तक्रारीचा प्रश्न असेल तेथें शंभर-शंभराचे चार भाग निरनिराळ्या गोणपाटांवर लावावे. दाण्यांत बोटभर अंतर ठेवावें, म्हणजे बुरशी पसरणार नाहीं.

३. सोयाबीनची मोजणी आठव्या दिवशीं व सरकीची बाराव्या दिवशीं पुरी करावी. मूळ व कोंब दोन्ही धड असलेलेच दाणे उगवले असें धरावें. वांकडे, कुजके व अर्धवट फुटलेले दाणे मेलेल्यांत मोजावे.

४. सोयाबीनच्या शंभर दाण्यांत ७० किंवा अधिक आल्यास नेहमींच्या प्रमाणानें, एकरीं तीस किलो, पेरणी करावी. ६१ ते ६९ आल्यास घाईनें निर्णय न करतां आणखी तीनशें दाणे लावावे आणि चारहि निकालांची सरासरी घ्यावी. ६० किंवा कमी आल्यास तें बियाणें शेंकडा ७० चें आहे असें मानूं नये.

५. घरच्या बियाण्याची सरासरी थोडी कमी असल्यास त्या मानानें बियाणें वाढवावें. तीस किलोंस ७० नें गुणून आलेल्या उगवणीनें भागावें. शेंकडा ६० असल्यास एकरीं ३५ किलो होतात.

६. विकत घेतलेल्या बियाण्याची पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी, पावती आणि थोडें बियाणें पीक हातीं येईपर्यंत जपून ठेवावें. उगवण न झाल्यास तालुक्याच्या बियाणें तक्रार निवारण समितीकडे विलंब न लावतां लेखी तक्रार द्यावी, आणि आपल्या परीक्षेंत किती दाणे लावले व किती उगवले हे दोन्ही आंकडे तींत लिहावे. चारशें दाण्यांपैकीं २४० उगवले हें विधान, बियाणें खराब निघालें ह्या विधानाहून शतपट बळकट आहे. अधिकृत परीक्षेसाठीं नागपूर येथें शासनाची बीजपरीक्षण प्रयोगशाळा आहे, आणि सल्ल्यासाठीं आपल्या जिल्ह्यांत सेलसुरा येथें कृषि विज्ञान केंद्र आहे.

७. परीक्षेंतील उगवण आणि शेतांतील उगवण ह्यांत भेद असतो, हें ध्यानीं असावें. खोल पेरणी, कमी ओल किंवा पेरणीनंतर जमिनीवर बसलेली पापडी ह्यांमुळें चांगलें बियाणेंहि दबून मरतें. म्हणून तक्रारीपूर्वीं राखून ठेवलेल्या दाण्यांची परीक्षा करून दोष कोणाचा तें ठरवावें. निष्कारण आरोप करणें हेंहि अन्यायाचेंच.

शेती हा पावसावरचा जुगार आहे असें आपण म्हणतों, आणि तें खोटें नाहीं. पण पाऊस आपल्या हातीं नसला तरी पोतें आपल्या हातीं असतें. उगवणीचा एकेक दाणा दैवाधीन खरा. तथापि अशा शेंकडों दाण्यांचें वर्तन नियमानें बांधलेलें असतें, आणि तो नियम मोजतां येतो. येत्या मृगापूर्वीं प्रत्येक गांवांतील पांच-सहा सभासदांनीं एकत्र बसून आपापल्या बियाण्याचे चारशें-चारशें दाणे लावावे, आंकडे वहींत टिपून ठेवावे, आणि हंगामानंतर ते शेतांतील प्रत्यक्ष उगवणीशीं ताडून पाहावे. दोन-तीन वर्षांत त्या गांवाजवळ आपल्या जमिनीची, आपल्या साठवणीची आणि आपल्या बियाण्याची अशी माहिती जमेल कीं जी कोणत्याहि दुकानीं विकत मिळत नाहीं.